चार मिनिटांत सांगा

४ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितेय, म्हणून आधी कान पकडते. पण कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. मला बढती मिळाली! विद्यापीठाच्या विद्यार्थी उद्योग कक्षाची मी आता प्रमुख. प्रमुख म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि गुडघा लावल्याशिवाय न उघडणारं एक कपाट. हाताखाली एक टंकलेखक बाई आहेत, माझ्यापेक्षा दुप्पट अनुभवी आणि दसपट गप्प. आमचं जमेल असं दिसतंय, कारण दोघींच्या वाटचं मी एकटीच बोलते.

काम असं आहे, की आमच्या मुलामुलींच्या डोक्यात एकेक भन्नाट कल्पना असतात. एकाने मोडक्या छत्र्यांच्या कापडाच्या सायकलवर टाकायच्या पिशव्या केल्यात. दोघींनी ऐकू न येणाऱ्यांसाठी उशीखाली थरथरणारा गजर केलाय. पण कल्पनेचा धंदा करायचा तर कोणीतरी भांडवल घालायला लागतं, आणि भांडवलवाले ह्या पोरांना ओळखतसुद्धा नाहीत. कुलगुरूंनी बोलावून सांगितलं, "कल्पना पन्नास आणि हात देणारे तीन, असं किती दिवस चालायचं? माणसं वाढवा." झालं! तेव्हापासून मी दारोदार फिरतेय. छापखानेवाले, औषधांचे घाऊक व्यापारी, तीन दवाखान्यांच्या मालकीणबाई, कोणाला सोडलं नाही. चपला झिजल्या, पण एकोणीस जण तयार झाले.

एका दारात मात्र पाऊल टाकलं नाही. तुला ठाऊक आहे कुठलं. त्या उपकरणांच्या कारखान्याने तुला नाकारलं ते मी सव्वीस वर्षांत विसरलेली नाही. बस तिथून गेली की मी अजून तोंड दुसरीकडे करते.

अठ्ठावीस तारखेला मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. प्रत्येक मुलाला चार मिनिटं. वेळ संपली की टेबलावरचा दिवा लाल होणार. ही युक्ती माझी. एवढ्या कामाच्या माणसांना जास्त वेळ बसवून ठेवता येत नाही ना!

लोक विचारतात, भावाला पत्रं कसली लिहितेस, फोन कर की. मी सांगते, आमच्या दादाचं बोलणं कागदावरच ऐकावं. तसाही तू फोन उचललास की लगेच वहिनीच्या हातात देतोस.

तुझी
टकळी


११ जून

प्रिय टकळी,

अभिनंदन. तुझी वहिनी तीन मजले फिरून सगळ्यांना सांगून आली. परत आली तेव्हा तू कुलगुरूच झाली होतीस. मी दुरुस्त केलं नाही.

इथे बरं चाललंय. प्रसूतिगृहातला बाळांचा वजनकाटा दुरुस्तीला आला होता. तक्रार अशी की महिनाभर सगळी बाळं पन्नास ग्रॅम जास्त भरतायत. पारड्याच्या खाली चिकटपट्टीची गुंडाळी अडकून बसली होती. मी ती काढली आणि एका क्षणात किती घरांतली बाळं हलकी झाली कोण जाणे.

तुझ्या चार मिनिटांचं वाचलं. माझा दिवस चांगला असला तर चार मिनिटांत मी माझं नाव आणि काय काम करतो एवढं सांगू शकतो. दिवस वाईट असला तर नुसतं नाव. जन्मापासून अडखळत बोलणारा माणूस तुझ्या लाल दिव्यापुढे पहिल्या फेरीतच बाद. हसू नकोस, खरंच विचारतोय. ज्यांना वेळ लागतो त्यांचं काय करणार आहेस?

दादा


२ जुलै

प्रिय दादा,

कार्यक्रम पार पडला, आणि काय सांगू, दणक्यात! नऊ जणांना भांडवल देणारे मिळाले. छत्रीवाल्याच्या मागे तर दोघं लागलेत. कुलगुरू सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनी कमाल केली." माझे पाय दोन दिवस जमिनीला लागले नाहीत.

पण तू विचारलंस ते अगदी तसंच समोर आलं, म्हणून हे पत्र.

यंत्र विभागातली शेवटच्या वर्षाची एक मुलगी आहे. तिची आई सरकारी इस्पितळात नर्स. तिथे चाळीस खाटांमागे एक नर्स, आणि सलाईनची बाटली संपत आली की सांगायला कोणी नाही. नातेवाईक बाटलीकडे टक लावून बसतात. डोळा लागला की बाटली रिकामी, नळीत रक्त उलटं चढतं, मग धावाधाव. ह्या मुलीने सलाईनच्या स्टँडला अडकवायचा एक छोटा स्प्रिंगचा काटा केलाय. बाटली हलकी होत गेली की स्प्रिंग वर येते, आणि थोडं सलाईन उरलं की एक घंटी वाजते. वीज नको, सेल नको. अरे, तुझ्याच जातीचं काम!

ती मंचावर आली आणि पहिल्याच शब्दाला अडकली. दादा, मला लगेच कळलं. ओठ मिटलेले, मानेची शीर ताठ. समोरच्या रांगेत कोणी घड्याळ बघतंय, कोणी खोकतंय. दिवा लाल झाला, कोणीतरी म्हणालं, "पुढचा." मला राहवलं नाही. मी मंचावर गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या वतीने सगळं सांगून टाकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला! दवाखानेवाल्या बाई तर उठून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मला यात रस आहे. पुढच्या बैठकीला तुम्हीच या, तुम्ही फार छान सांगता. मुलीला मागचं तांत्रिक बघू दे."

मला इतका आनंद झाला होता! पण वळून बघते तर ती मुलगी गेलेली. तिचं यंत्र टेबलावर तसंच. तेव्हापासून कक्षात फिरकलेली नाही. लाजाळू असेल. मी मदतच केली ना रे?

यंत्र पार्सलने तुझ्याकडे पाठवतेय. स्प्रिंग ठीक आहे का तेवढं बघ.

तुझी
टकळी


१९ जुलै

टकळी,

यंत्र पाहिलं. हात चांगला आहे. काम स्वच्छ आहे.

एक दोष आहे. स्प्रिंगवर दिवसरात्र वजन लटकत राहिलं की ती थकते, हळूहळू सैल पडते. मग घंटी उशिरा वाजेल. जुन्या तराजूची दांडी वापरावी, एका बाजूला बाटली, दुसऱ्या बाजूला वजन. वजन थकत नाही. चित्र काढून सोबत ठेवलंय. तिला दे.

बाकीचं पुन्हा कधीतरी.

दादा


३० जुलै

प्रिय दादा,

हे काय पत्र झालं? एवढंच तर डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर लिहितात. माझं काही चुकलं का? वहिनीला फोन केला, तर ती म्हणाली, "हे आठ दिवस झाले, दुकानात काटा पुढ्यात घेऊन नुसते बसतात." तब्येत बरी आहे ना? खरं सांग.

इकडे माझं डोकं चालेनासं झालंय. मी त्या मुलीच्या घरी जाऊन आले. इस्पितळाच्या मागच्या वसाहतीत दोन खोल्या. आई कामावरून आलेली, पाय गरम पाण्यात घालून बसली होती. मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी. मी सगळं समजावलं. बाईंची तयारी आहे, बैठकीला मी बोलेन, तुला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही. तुझं चित्रही दिलं. तिने चित्र नीट बघितलं, घडी केली आणि आत निघून गेली. आई म्हणाली, "ती नको म्हणतेय. एका कारखान्यात मशीन चालवायच्या प्रशिक्षणाची नोकरी आहे, ती धरणार आहे."

म्हणजे काय म्हणायचं? हातातोंडाशी आलेलं कोणी असं टाकून देतं? मी तिच्यासाठी एवढी धडपडतेय आणि ती माझ्याकडे बघायलाही तयार नाही. दवाखानेवाल्या बाई सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबतील, मग त्यांचं लक्ष दुसरीकडे जाईल. आणि एकदा ती मशीन चालवायला लागली की ही घंटी कायमची पेटीत जाईल, हे तुलाही कळतं.

तू तिच्या जागी असतास तर काय केलं असतंस? तुझ्याशिवाय हे मी कोणाला विचारू?

टकळी


६ ऑगस्ट

प्रिय टकळी,

तब्येत ठणठणीत आहे. काळजी करू नकोस.

तू विचारलंस की तिच्या जागी असतो तर काय केलं असतं. मी तिच्या जागी होतो, आणि काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. गेले दोन आठवडे हेच ठरवत होतो, सांगू का नको. आता सांगतो. शेवटपर्यंत वाच, मध्येच रडायला लागू नकोस.

मी तेवीस वर्षांचा होतो आणि तू चौदा. उपकरणांच्या कारखान्यात माझी मुलाखत होती. आईने तुला बरोबर पाठवलं. म्हणाली, "तो अडला तर तू आहेस." तू बाहेर बाकावर बसायचं ठरलं होतं. आत तिघं होते. मधल्या माणसाने विचारलं, काटा अचूक आहे हे कसं तपासशील? मला उत्तर येत होतं. इतकं चांगलं येत होतं की आजही त्याहून चांगलं सुचत नाही. मी पहिल्या शब्दावर अडलो. ते थांबले होते. हे लक्षात ठेव, ते थांबले होते. त्यातल्या एकाने पेन खाली ठेवलं होतं आणि खुर्चीत मागे टेकला होता, घाई नाही अशा अर्थाने.

आणि तू दार ढकलून आत आलीस. आतली शांतता तुला बाहेर ऐकू आली होती. तू लहानपणापासून माझ्या शांततेला घाबरायचीस. तू उभ्या उभ्या सगळं सांगितलंस, माझ्या भावाला हे येतं, ते येतं, त्याने घरातला काटा कसा दुरुस्त केला. ते हसले. वाईट नव्हते हसले, कौतुकाने. मधला म्हणाला, "ह्या छोटीलाच घेऊ या." मीही हसलो.

आता सांगायचं ते हे. त्यांनी मला नाकारलं नव्हतं. बारा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. पोस्टमनकडून मीच घेतलं. घरी सांगितलं, नाही म्हणाले. पत्र चुलीत घातलं.

का, ते तेव्हा मला शब्दांत सांगता आलं नसतं. आता थोडंफार येतं. त्यांनी ज्याला नोकरी दिली तो मी नव्हतो. मी रोज सकाळी तिथे जाऊन तुझ्यासारखा बोलणार कुठून होतो? मग मी काटेवाल्या म्हाताऱ्या मास्तरांकडे लागलो. त्यांना कमी ऐकू यायचं. आमचं छान जमलं.

टकळे, मी दुःखी नाही. मला माझं दुकान आवडतं. तुझी वहिनी त्या दुकानातच भेटली, पत्र्याच्या पारड्याचा काटा घेऊन आली होती. पण ते पत्र चुलीत घातलं त्याची रुखरुख आहे. आणि तू सव्वीस वर्षं त्या बिचाऱ्या कारखान्यावर राग धरून बसलीस, त्याची जास्त. तो राग माझ्यावर निघू दे आता.

तू वाईट केलंस असं मी म्हणत नाही. तू चौदा वर्षांची होतीस आणि माझ्यासाठी जीव टाकत होतीस. पण आता तू चाळीसची आहेस.

ती मुलगी लाजाळू नाही. तिच्या तोंडात तिचा शब्द होता आणि तो तू काढून घेतलास. तिला भांडवल नको आहे असं नाही. तुझ्या तोंडून मिळालेलं नको आहे. तिला विचार, आणि विचारून झाल्यावर गप्प बस. ही दुसरी गोष्ट तुला पहिलीपेक्षा जड जाईल.

आणि ती चार मिनिटं कोणी ठरवली? तूच ना? मग तूच मोड.

तुझा
दादा


१४ सप्टेंबर

दादा,

ह्या पत्राआधी पाच पत्रं लिहिली आणि फाडली. टंकलेखक बाईंनी केराची टोपली पाहिली आणि माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला.

तू सांगितलंस तरी मी मध्येच रडले. मग राग आला, तुझाच. एवढं मोठं गुपित घेऊन हा माणूस दर पंधरवड्याला मला बाळांच्या काट्याच्या गमती लिहीत होता! मग माझा आला. तो अजून गेलेला नाही. तुझी वाक्यं मी पुरी करायचे तेव्हा मला वाटायचं, आपण दोघं मिळून बोलतोय. दादा, मला खरंच तसं वाटायचं. त्यातली किती चुकीची पुरी केली ते तू कधी सांगितलंच नाहीस.

आता काय झालं ते क्रमाने सांगते.

मी त्या मुलीकडे पुन्हा गेले. आई कामावर होती. दारातच म्हणाले, "मी त्या दिवशी चुकले. तुझं बोलणं मी काढून घेतलं. तुला काय हवंय ते मला सांगशील का?" आणि गप्प बसले. अरे, काय कठीण असतं ते! जिभेवर वीस वाक्यं येऊन उभी. मी ओठ दातांत धरून भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. तिला वेळ लागला. पण तिने सांगितलं. म्हणाली, "माझं मला सांगायचंय. आणि मंचावर नाही, वॉर्डात."

एवढंच हवं होतं तिला. अडीच महिन्यांत मी ते विचारलंच नव्हतं.

दवाखानेवाल्या बाईंना मी स्पष्ट सांगितलं, बैठकीत मी बोलणार नाही, मुलगी बोलेल, ती अडखळते, वेळ लागेल, आणि तुम्हाला तिच्या आईच्या वॉर्डात यावं लागेल. बाईंनी विचारलं, "किती वेळ?" मी म्हणाले, "माहीत नाही."

गेल्या मंगळवारी दुपारी आम्ही गेलो. तिसरा मजला, फिनेलचा वास, लोखंडी खाटांच्या दोन रांगा. खिडकीजवळच्या एका आजोबांना सलाईन लावलेलं. इस्पितळाच्या डॉक्टरांची परवानगी तिने स्वतः अर्ज लिहून काढली होती. तिने यंत्र स्टँडला अडकवलं आणि बोलायला लागली. घड्याळ मी मुद्दाम पर्समध्ये ठेवलं होतं.

सुरुवात बरी झाली. मग "स्प्रिंग" ह्या शब्दावर अडली. तिच्या सगळ्या कामाचा जीव असलेला शब्द, आणि तोच निघेना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, सांगा ना. दादा, तो शब्द माझ्या घशात होता. मी आजोबांच्या चपला बघत राहिले. डावी उजवीकडे होती, उजवी डावीकडे. एकीचा अंगठा तारेने बांधलेला. मी त्या चपला आता कुठेही ओळखीन.

आणि शब्द आला. तिने आणला. मग पुढचं वाक्य, मग त्याच्या पुढचं. मध्येच घंटी वाजली. आजोबांची बाटली संपत आली होती. वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाहून तिची आई आली, धावत नाही, चालत. बाटली बदलली, आजोबांची चादर सारखी केली, आमच्याकडे न बघता परत गेली. बाईंनी विचारलं, "ह्यांना कोणी बोलावलं?" मुलगी म्हणाली, "कोणी नाही." हे मात्र ती एका दमात बोलली.

मग बाईंनी वही काढली आणि पहिल्यांदाच सगळे प्रश्न सरळ तिला विचारले. शेवटी म्हणाल्या, दोनशे नग माझ्या तिन्ही दवाखान्यांत लावून बघते, खर्च माझा. पण स्प्रिंग सैल पडणार नाही याची खात्री आधी हवी, आणि ती खात्री काट्यातलं कळणाऱ्या माणसाने द्यायला हवी. मुलीने तुझं चित्र दप्तरातून काढलं. घडीवर घडी पडून मऊ झालं होतं. मला म्हणाली, "ह्यांना मी भेटू का?"

आणि मी कारखान्यात जाऊन आले. हो, त्याच. आताचे प्रमुख माझ्याहून लहान आहेत, त्यांना जुनं काही माहीत असायचं कारण नाही, आणि मी सांगितलंही नाही. त्यांच्याकडे स्प्रिंगा वळायचं यंत्र आहे. आठवड्यातला एक दिवस ते आमच्या मुलांना देणार आहेत. बाहेर पडल्यावर मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून त्या इमारतीकडे नीट बघितलं. साधी इमारत आहे रे. पिवळी.

लाल दिवा मी काढून टाकला. आता गुंतवणूकदारांनी मुलांच्या कामाच्या जागी यायचं, त्यांच्या टेबलाशी उभं राहायचं. सहा जण म्हणाले, आम्हाला वेळ नाही, आणि गळाले. कुलगुरू नाराज झाले. पण नळांचे एक घाऊक व्यापारी आले, म्हणाले, "सभागृहात मला काही कळत नाही, टेबलाशी उभं केलंत तर कळतं." ते आपल्यासारख्या आणखी चौघांना घेऊन आले. कुलगुरू सध्या गप्प आहेत.

ती पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी तुझ्याकडे येईल. मी येणार नाही. यायची फार इच्छा आहे, म्हणूनच नाही.

मला माफ कर म्हणत नाही, तू म्हणशील त्यात काय. पण केलंस तर लिही.

तुझी
टकळी


८ ऑक्टोबर

प्रिय टकळी,

त्यात काय.

वाक्यांचं विचारलंस म्हणून सांगतो. बरीच चुकीची पुरी केलीस. मामांच्या घरी मी "चहा नको" म्हणत होतो, "चहा" एवढाच शब्द निघाला आणि तू म्हणालीस, "दादाला चहा हवाय." तो मी प्यालो. पुढे सवय झाली. आज दिवसाला पाच कप होतात, त्याचं मूळ तिथे आहे.

ती मुलगी रविवारी दहाच्या गाडीने आली. तुझी वहिनी दोन दिवस काळजीत होती, म्हणत होती, दोघंही असे, बोलणार कसे, मी मध्ये बसू का? मी मानेने नाही म्हटलं. मुलगी आली, दुकानातला स्टूल ओढून बसली, पिशवीतून चार स्प्रिंगा काढून माझ्यापुढे ठेवल्या. नमस्कार-चमत्कार त्यानंतर.

आधी तास-दीड तास आम्ही फक्त हातांनीच बोललो. मी माझी दांडी स्टँडला अडकवून दाखवली. सुंदर तोल होता, मी रात्रभर नाही, चांगला आठवडाभर तिच्यावर खपलो होतो. तिने पाहिलं, मान डोलवली, मग स्टँडला बोटाने हलकेच ढकललं. घंटी वाजली. पुन्हा ढकललं, पुन्हा वाजली. मी म्हणालो, असं कोण ढकलतं? ती म्हणाली, वॉर्डात सगळेच. झाडू लागतो, खाट सरकवतात, रुग्ण स्टँड धरून चालत जातो. तुमची दांडी दिवसभर वाजत राहील आणि चौथ्या दिवशी कोणी लक्ष देणार नाही. मी म्हणालो, आणि तुझी स्प्रिंग सहा महिन्यांत थकेल. ती म्हणाली, जाड घेतली तर नाही थकणार. मी म्हणालो, जाड घेतली तर बाटलीतला फरक तिला कळणारच नाही.

मी इथे चार ओळींत लिहिलं. प्रत्यक्षात सव्वा तास लागला. ती अडली की मी काटा पुसत बसायचो. मी अडलो की ती स्प्रिंगा रांगेत लावायची. एकदा तर दोघंही एकाच वेळी अडलो, एकमेकांकडे बघत, तोंडं उघडी, आणि मग आधी ती हसायला लागली. तुझी वहिनी दोनदा चहा घेऊन दारापर्यंत आली आणि दोनदा तशीच परत गेली. नंतर मला म्हणाली, "तुमचा आवाज एवढा चढलेला मी लग्नापासून ऐकला नव्हता."

खरं आहे. टकळे, मला एकोणपन्नास वर्षं झाली. माझ्याशी कोणी भांडत नाही. लोक थोडं थांबतात, मग माझंच बरोबर म्हणून निघून जातात. त्यांना ते सोपं पडतं. ही पोरगी गेली नाही. माझं म्हणणं संपेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, चूक.

शेवटी ठरलं ते असं: जाड, आखूड स्प्रिंग, तिला सुईसारखा एक लांब काटा जोडायचा म्हणजे थोडा फरकही मोठा होऊन दिसतो, आणि एक छोटा स्क्रू, दर महिन्याला ठरलेलं वजन लावून जुळवून घ्यायला. हे तिने माझ्याच दुकानातल्या एका जुन्या वजनकाट्याकडे बोट दाखवून सांगितलं. दवाखानेवाल्या बाईंना मी सही करून पत्र लिहिलंय की स्प्रिंग टिकेल. दोनशे नग मी एकेक तपासणार आहे.

दांडी मी सोडवून कपाटात ठेवली. हरलो मी. अगदी साफ हरलो. दुकान बंद करून वर आलो तर वहिनी विचारते, "एवढं हसायला काय झालं?"

दादा